कुणाला जास्त, कुणाला कमी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेदहाचा सुमार. खिचडीचं पातेलं नुकतंच खाली उतरवलं होतं आणि बालवाडीच्या दारात एक आई पदर खोचून उभी राहिली. चेहऱ्यावरूनच कळलं, बाई भांडायला आल्या आहेत.

"काय ओ ताई, माझ्या पोरीला काय शिकीवलासा? पोरगी घरात माप काढाय लागलीया. म्हनती, आई, तू दादाला जास्त देतीस आनि मला कमी देऊन फसीवतीस. तिचा बा हुता समोर. सासू हुती. आमी काय तोंड दावायचं?"

"वैनी, बसा आधी," म्हटलं. बसल्या नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, आणि शेवटी शेवटी आवाज बसला.

घरात रोज दुधाची एक अर्ध्या लिटरची पिशवी येते. त्यात सकाळचा चहा, सासऱ्यांचा दुपारचा चहा आणि उरलेलं दोन मुलांना. मुलगा सात वर्षांचा, शाळेत जातो. त्याला स्टीलचा रुंद पेला. मुलगी पाच पुरी होऊन सहाव्यात. तिला काचेचा उंच, अरुंद ग्लास. त्या ग्लासात थोडं दूध ओतलं तरी ते वर चढतं आणि पोरीला वाटतं, आपल्याला दादापेक्षा जास्तच मिळालं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. त्या दिवशी सकाळी पोरीनं आपल्या ग्लासातलं दूध भावाच्या रिकाम्या पेल्यात ओतलं. पेला अर्धासुद्धा भरला नाही.

हे तिला आम्हीच शिकवलं होतं, त्यामुळे मला नाकबूल होता येईना.

त्याच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे पाण्याचा खेळ चालू होता. दोन सारखे पेले, दोन्हींत कुंकवाचं लाल पाणी सारख्या उंचीपर्यंत भरलेलं. मुलं खाली वाकून, डोळा लावून खात्री करून घेतात. मग एका पेल्यातलं पाणी उंच बाटलीत ओतायचं आणि विचारायचं, आता कुठं जास्त? चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं बाटलीकडे बोट दाखवतात. आपल्या डोळ्यांदेखत ओतलेलं असूनही. आमचा नियम असा की उत्तर चूक म्हणायचं नाही आणि बरोबर काय तेही सांगायचं नाही. बादली, पेले, बाटल्या मुलांच्या हवाली करायच्या. ही पोर तीन दिवस इकडून तिकडं ओतत बसली होती. ओलीचिंब होऊन घरी गेली म्हणून एकदा बोलणीही खाल्ली असतील. चौथ्या दिवशी माझ्या पदराला धरून म्हणाली, "ताई, ही बाटली फसीवतीय. मी ओळखलो." (आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्या हसतात, पण मला ते ऐकायला बरं वाटतं.)

त्या दिवशी मी मासिक अहवालात लिहिलं होतं, 'एका मुलीला बदलत्या आकारातही प्रमाण तेच राहतं हे उमगले.' ती ते घरी जाऊन काय करील हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

हा प्रयोग जगभर पियाजे या स्विस अभ्यासकाच्या नावानं ओळखला जातो. डी.एड., बी.एड.च्या पुस्तकांत त्याचंच नाव असतं. पण मुलांच्या मनात संख्या कशी तयार होते यावरचं मूळ फ्रेंच पुस्तक १९४१ साली निघालं तेव्हा त्यावर दोन नावं होती, झाँ पियाजे आणि अलिना शेमिन्स्का. ही पोलंडची संशोधक बाई. दुसऱ्या महायुद्धात तिला आउशविट्झच्या छळछावणीत टाकलं होतं. ती त्यातून वाचली आणि परत मुलांच्या अभ्यासाकडे वळली. तिचं नाव मी स्वतः बालवाडीत पंधरा वर्षं काढल्यावर ऐकलं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या वस्तीत आणि एकूणच कोल्हापुरात बालवाडीकडून पालकांची मागणी एकच असते, पोराला आकडे आले पाहिजेत. एक ते शंभर म्हणता आले पाहिजेत, लिहिता आले पाहिजेत, आणि शक्यतो इंग्रजीत. कोपऱ्याकोपऱ्यावर केजी उघडलेल्या आहेत. तिथं तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानंच्या पानं भरून घेतात. आमच्याकडून मुलं तिकडं जातात आणि आया सांगतात, "तिथं लिवाय शिकीवत्यात, तुमी नुसतं खेळीवतासा."

मी अशा मुलांना भेटल्यावर सहज विचारते. शंभरपर्यंत धडाधडा म्हणणाऱ्या पोराला म्हटलं, मला सहा चिंचोके दे, तर ते मूठभर देतं. सहा मोठे की आठ? तर कागदावर जो आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असेल तो मोठा. पोराची काय चूक? त्याला शंभर शब्दांची एक लांबलचक ओळ पाठ झाली आहे. त्या ओळीतल्या प्रत्येक शब्दामागे वस्तूंचा एक ढीग आहे आणि पुढच्या शब्दाचा ढीग मागच्यापेक्षा एकानं मोठा आहे, हे त्याला कुणी हाताळू दिलेलं नाही.

तुलना मोजण्याच्या आधी येते. रांगणारं मूलसुद्धा लाडवांच्या दोन ताटल्यांतली जास्त कोणती ते हेरतं. बालवाडीनं तिथून सुरुवात करायची. आधी नुसतं बघून, हा ढीग मोठा की तो? मग जोड्या लावून, एका मुलाला एक वाटी, कुणाला उरली नाही तर मुलं जास्त, वाट्या कमी. यात एकही आकडा लागत नाही. आमच्याकडे जेवणाच्या वाट्या रोज मुलंच वाटतात ते यासाठी. मग मोजून. आणि सगळ्यांत शेवटी आकड्याची खूण. ही वाट उलटी चालायला लावली की मुलं अडखळतात, आणि पुढं पाचवी-सहावीत मुलगी असेल तर म्हणतात, मुलींना गणिताचं डोकं नसतंच.

यात भाषेची गंमत फार आहे आणि ती पाठ्यपुस्तकवाल्यांच्या लक्षात येत नाही. 'सारखं' हा शब्द घ्या. आम्ही म्हणतो, दोन्ही रांगा सारख्या कर. मूल चिंचोके सरळ ओळीत नीट लावून ठेवतं. कारण घरी 'अंथरूण सारखं कर' म्हणजे नीटनेटकं कर. आणि 'सारखं रडू नको' म्हणजे एकसारखं, थांबता न येणारं. तिसरा अर्थ, म्हणजे दोघांना समान, हा घरात किती वेळा कानावर पडतो? आमच्या एका मुलीला विचारलं, सारखं म्हणजे काय गं? म्हणाली, "पदर सारखा करतात त्ये." 'मोठा'चंही तेच. मोठा दादा म्हणजे वयानं थोरला, मग उंचीला बहीण वरचढ असली तरी. 'उंचीनं कोण मोठं?' म्हणून विचारलं तरी ती दादालाच पुढं करते. चित्रांच्या तक्त्यावर 'लहान-मोठा' शिकवायला बाबा मोठा आणि आई लहान काढलेली असते. हा तक्ता आमच्याही भिंतीवर सात वर्षं होता. मीच लावला होता, सांगायला लाज वाटते.

'कमी' हा शब्द तर मुलांना उशिराच कळतो. मार्गारेट डोनाल्डसन या बाईंनी स्कॉटलंडमध्ये १९६८ साली सहकाऱ्याबरोबर सफरचंदांची खोटी झाडं करून मुलांना विचारलं, कुठल्या झाडाला कमी फळं? लहान मुलं पुष्कळदा जास्त फळांचं झाड दाखवत होती. मी चिंचोक्यांवर करून पाहिलं, आमचीही तशीच. म्हणून आता आम्ही 'कमी' वेगळा शिकवतो. वाटताना मुद्दाम एकाला थोडं द्यायचं आणि थांबायचं. ज्याला थोडं मिळालं त्याच्या तोंडून 'मला कमी' बाहेर पडतंच. तो शब्द असाच शिकला जातो, स्वतःच्या वाटीकडे बघून.

याच बाईंचं दुसरं काम मला फार उपयोगी पडलं. शिक्षिका मुलासमोर चिंचोक्यांची रांग पसरवते आणि परत विचारते, आता कुठं जास्त? मूल विचार करतं, बाईंनी मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे उत्तर बदललं पाहिजे. मोठ्यांच्या मनासारखं बोलायचं, हे चार वर्षांच्या मुलालाही पक्कं कळतं. त्यांनी शिक्षिकेऐवजी एका खोडकर अस्वलाच्या बाहुल्याकडून रांग विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. आम्ही जुन्या मोज्याचं माकड केलं आहे. माकड येऊन चिंचोके विस्कटतं, मुलं चिडून म्हणतात, "ए माकडा, तेवढंच हायत!" आणि आम्हाला जे नेहमी दिसतं तेही सांगते. हे मोठ्यानं ओरडणाऱ्यांत मुलगेच पुढं असतात. मुली ओठ हलवतात आणि ताईकडे बघतात. पाचव्या वर्षी!

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाईंबरोबर भावनगरला मॉन्टेसरीचं शिक्षण आपल्या मातीत रुजवलं. नंतर १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर. मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य महाग, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं अंगणात येत नाहीत तर अंगणच मुलांकडे न्यायचं, ही त्यांची कल्पना. आज 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी फायलीत इतका बसला आहे की त्यातलं अंगण कुणाला आठवत नाही. आणि आमच्या कोल्हापुरात १९८५ पासून लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालयात अनुभवातून शिकवण्याचं जे काम उभं केलं, ते पाहायला मी तरुणपणी जात असे. २०२० साली त्या गेल्या. मुलानं प्रश्न विचारला की शिक्षकाला आनंद झाला पाहिजे, हे मी त्या शाळेत पाहिलं. प्रश्न घरी जाऊन विचारला तर काय करायचं, ते मात्र मला या श्रावणापर्यंत माहीत नव्हतं.

तर त्या आईकडे परत येते. त्या शेवटी बसल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "मी काय सवत हाय व्हय तिची? दूध तेवढंच. त्येला अभ्यास असतोय, खेळाय जातोय. आनि सासूबाई बघत बसलेल्या असत्यात. पोरगी रडू नगं म्हनून तो गलास आनला मी. जत्रंतनं."

मी विचारलं, "आणि तुमचा पेला कुठला, वैनी?"

"माझा कुठला आलाय?"

बाईंचं गणित कच्चं नाही. चपलांच्या वेण्या घालण्याचं काम त्या घरी करतात. किती जोड झाले, किती वादी शिल्लक, व्यापाऱ्यानं किती कापले, सगळं तोंडावर. माळव्याची पाटी उचलून वजन सांगतात. कोल्हापूरच्या बायकांना वर्षाची चटणी करताना मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मीठ यांचं प्रमाण कागदावर लिहावं लागत नाही. आमच्या आज्या चिपट्या-मापट्यानं मोजत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दुपटीचं आणि निमपटीचं इतकं सोपं साधन दुसरं नाही. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण पायलीत शेर किती आणि कुळानं किती बुडवले हे तिला बरोबर कळे. या सगळ्याला कुणी गणित म्हणत नाही, कारण ते चुलीजवळ होतं.

म्हणजे उंच ग्लास जत्रेतून निवडून आणणाऱ्या आईला पियाजेचा सिद्धांत पुरता ठाऊक होता. तिनं तो वापरला, पोरीचं रडू थांबवायला आणि सासूचं तोंड बंद ठेवायला. तिला दोष देणं मला जमत नाही. वाटणी तिच्या हातानं होते. पण ठरवलेली तिनं नाही.

आमच्या गटाच्या बैठकीत यावर दोन बाजू पडल्या. एक मैत्रीण म्हणाली, लहान मुलांच्या खेळातून घरात भांडणं जात असतील तर आपण जपून राहावं, पाण्यावर खेळ घ्यावा, दुधापर्यंत जाऊ नये. आधीच आपल्याला घरं मोडणाऱ्या म्हणतात. दुसरी म्हणाली, उलट हीच गोष्ट घेऊन वस्तीत सभा घ्यावी, मुलींना कमी दूध देणाऱ्या घरांची यादी करावी. मला दोन्ही पटलं नाही. पाण्याचं कळलं की दुधाचं कळणारच. एवढंच पाहा आणि तेवढं पाहू नका, असं मुलाला सांगता येत नाही. आणि यादी केली तर त्या यादीत नावं आयांचीच येणार. बाप आणि सासरे त्या पेल्याला हातसुद्धा लावत नाहीत.

आकडे वाचता येणाऱ्या मोठ्या माणसांचं तरी काय झालं? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला त्या कोल्हापुरात. पुढं सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवावे लागले. महाराष्ट्राचा हाच आकडा २००१ ला ९१३ होता, तो २०११ ला ८९४ झाला. यात कोणता मोठा आणि कोणता लहान हे आमच्या मोठ्या गटातल्या मुलांना अजून सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येत होतं ते डॉक्टर होते, इंजिनियर होते, बागायतदार होते.

सरकारनंही आता संख्याज्ञानाचा ध्यास घेतला आहे. २०२० च्या शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, २०२१ ला 'निपुण भारत' आलं, २०२३ ला अंगणवाडीसाठी 'पोषण भी पढाई भी'. कागदावर बरंच चांगलं आहे, खेळातून शिकवा असंच म्हटलं आहे. पण शिकवायचं कुणी? अंगणवाडीतल्या सेविकेनं पोषण ट्रॅकर भरायचा, वजनं घ्यायची, उंची मोजायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, आणि २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्यांचे फोटो जुळवत बसायचं. रेंज नसली की तेही नाही. पाण्याच्या खेळाला निवांत दीड तास लागतो, वर सांडलेलं पुसायला माणूस लागतं.

आणि पैशाचं सांगू? केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ पासून आपल्या बाजूचं मानधन सेविकेला ४,५०० आणि मदतनिसेला २,२५० रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं, तीही वाढवून घ्यायला महाराष्ट्रातल्या बायकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत संप करावा लागला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तरी त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हाही एक उंच ग्लासच. मुलांना जास्त-कमी शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या कामाची तुलना प्राथमिक शाळेच्या शिक्षकाच्या कामाशी करायची मात्र मुभा नाही. बरं, मी स्वतः संस्थेच्या बालवाडीत आहे, माझंही मानधनच आहे. म्हणून हे लिहिताना मी त्रयस्थ नाही.

बालवाडीत जास्त-कमी शिकवायचं तर ते मुलाच्या वाटीतलं शिकवावं, तक्त्यावरच्या हत्ती-उंदराचं नुसतं नको, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. मुलीला 'मला कमी' म्हणता आलं पाहिजे आणि ते मोजून दाखवता आलं पाहिजे. मोजून दाखवलं की आवाज चढवावा लागत नाही. आणि ती घरी जाऊन हे म्हणेल तेव्हा तिच्या आईला एकटं पाडायचं नाही, ही जबाबदारी आमची. या वेळी आम्ही ती घेतली नाही. आईला आधी बोलवायला हवं होतं. तिच्यासोबत बसून पाणी ओतायला हवं होतं. ते आम्ही नंतर केलं, आणि त्या दिवशी जमलेल्या आयांना इतकी मजा आली की चहा राहून गेला. एक आजी तर अडून बसली की बाटलीतच जास्त आहे. तीन वेळा ओतून दाखवलं तेव्हा हसली.

त्या घरात सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. उंच ग्लास फुटला, की फोडला, मला कळलं नाही. आता दोघांना स्टीलचे सारखे पेले आहेत. दूध कधी सारखं असतं, कधी नसतं. पोरगी रोज ओतून बघते आणि भाऊही आता बघायला लागला आहे, त्याला तो खेळ वाटतो. सासू बोलते ते बोलतेच. आई परवा मला म्हणाली, "ताई, तिनं मला इचारलं, तुझा पेला कुठला? मी म्हटलं, मी च्या पितो की." मग थोडं थांबून म्हणाली, "ती काय ऐकत न्हाई. तिसरा पेला मांडून ठेवती रोज. मोकळाच असतोय."

दिवाळीनंतर आम्ही आयांसाठी मापांचा खेळ ठेवणार आहोत. धान्य, वाळू, पाणी, जे मिळेल ते. त्यासाठी जुनी मापं हवी आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर चिपटं, मापटं, शेर पडलेला असेल त्यांनी तो आमच्यापर्यंत पोचवावा, पितळी असो की लाकडी. आमच्याकडचं एकुलतं एक मापटं तळाला गळतं.